मारिसेलचं कुंकू

बहारीनला, मनाम्याच्या जुन्या बाजारात, आमच्या जिन्याखाली झोहराबाईंचं लेडीज पार्लर होतं. तिथं केस कापायची मारिसेल, फिलिपिन्सची. पासपोर्टवर नाव रोहेलियो आणि फोटो बारीक केसांच्या मुलाचा. बाकी सगळीकडे ती मारिसेलच. वेणी कमरेपर्यंत. "पाइव्ह मिनिट, मॅम!" म्हणून पाऊण तास बसवायची आणि शेवटी आरसा धरायची, "मॅम, यू लुक लाइक ब्यूटी क्वीन!" शेजारच्या लीनामावशीलासुद्धा म्हणायची, आता बोला!

पासपोर्टचं साऱ्या बायकांना ठाऊक होतं. वेणीकडे बघून कुणी तो विषय काढत नसे. पंच्याऐंशीच्या संक्रांतीला आईनं तिला हळदीकुंकवाला बोलावलं. आईचीच साडी नेसून आली. कुंकू लावून घेताना तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सांगते काय, "मॅम, आय वॉश ओन्ली धिस साइड, दॅट साइड." कपाळाला पाणी लागू दिलं नव्हतं बाईनं.

पुढच्या हिवाळ्यात व्हिसा संपला. व्हिसा ऑफिसातला माणूस म्हणाला, फोटो आणि चेहरा जुळत नाही. आणि लेडीज पार्लरमध्ये पुरुष कसा? झोहराबाई धापा टाकत परतल्या. "बाल काटो, पँट पहनो, मेरे भाई के गोदाम में जाओ, मीना सलमान पोर्ट. नहीं तो मनीला. खलास!"

मनिलात बापानं दार कधीच लावून घेतलं होतं. मारिसेलनं पार्लरच्या आरशासमोर स्वतःच वेणी कापली. "यू लुक लाइक..." एवढंच म्हणाली आणि केर काढायला लागली.

संक्रांतीला ती आली. शर्ट, पँट, भांग काढलेला. मी तिळगुळाचा डबा धरून उभी. बायकांच्या गप्पा थांबल्या. तिनं मागच्यासारखेच डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

"अगं अरुणा, काय करतेस!" लीनामावशी कुजबुजली.

आईचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. मग तिनं ते कुयरीच्या काठाला पुसलं आणि आतल्या खोलीकडे बघून हाक दिली, "अहो, ऐकलंत का? तुमच्याकडे पाहुणे आलेत."

बाबा बाहेर आले. "कम, कम, ब्रदर. सिट."

मारिसेलनं डोळे उघडले. आत जाऊन बाबांसमोर चहा प्यायली, "थँक यू, सर" म्हणाली. निघताना दारात थांबली.

"मॅम, नेक्स्ट इयर?"

"इंशाल्ला," आई म्हणाली, आणि लीनामावशीच्या कपाळाकडे वळली.

जिना उतरताना मारिसेलनं खांद्यावरची वेणी पुढे घ्यायला हात नेला. हात रिकामाच खाली आला.