बोटाचे ऐकणारी मान

“धाकट्याने वेडाच्या गोळ्या खाल्ल्या, त्यानेच त्याची मान फिरली. आमच्या रक्तात असले काही नाही.”

हे माझ्या थोरल्या भावाचे वाक्य. कर्जतच्या घरी पुतणीला पाहायला आलेल्या मंडळींसमोर ते उच्चारले गेले, तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. बाहेर बसू नये असे मला सुचवण्यात आले होते. लग्न जमले. मुलीसाठी मी गप्प राहिलो. त्यानंतर त्या घरच्या एकाही कार्याचे बोलावणे मला आले नाही, कारण वेडा काका पंगतीत कोणाला हवा असतो? आता तिची मुलेही मोठी झाली आहेत. या वाक्याचा समाचार घ्यायला हरकत नसावी.

गोळ्या मी खाल्ल्या, हे खरे. आणीबाणी उठली त्या वर्षी माझी पत्नी गेली आणि खालापूरच्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. झोप उडाली. बंद दारामागून ती हाक मारते असे ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या आणि हाका थांबल्या. त्या थांबल्याचे मला सुख झाले, असे मी कधीही म्हटलेले नाही.

त्यानंतर वर्षभरात मान डावीकडे वळू लागली. कचेरीत उजव्या बाजूने अर्ज घेऊन येणाऱ्याला वाटे, साहेबांनी तोंड फिरवले. गर्विष्ठ मी आहेच. पण तो गर्व मानेत नव्हता.

पहिला उलगडा बाजारातल्या न्हाव्याने केला.

“साहेब, मान सरळ ठेवा ना.”

“ठेवली आहे.”

“कुठं? ती तर यष्टीची वाट बघत हाय!” त्याने माझ्या हनुवटीला एक बोट लावले आणि मान जागेवर आली. “बगा, तुमचं ऐकत नाय, माझ्या बोटाचं ऐकते.”

दाढी घरी करता येत असूनही मी आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जाऊ लागलो. त्या दिवसांत दुसऱ्या माणसाचा स्पर्श म्हणून मला होता तो तेवढाच.

मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या वाचल्या, न्हाव्यासारखेच हनुवटीला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, “गोळ्यांनी बिघडलेली मान बहुतेकदा मागे ओढली जाते, आणि बोट लावून सहसा सरळ होत नाही. तुमची कडेला वळते आणि बोटाला दाद देते. ही आपणहून आलेली दिसते. पण गोळ्या घेतल्या आहेत म्हटल्यावर मी छातीठोक सांगणार नाही. घरात आणखी कोणाला आहे?”

मी ‘नाही’ म्हणालो. भावाला हे सारे सांगितले, तर त्याने ‘छातीठोक सांगणार नाही’ एवढेच उचलले आणि गावभर फिरवले.

पुढे कितीतरी वर्षांनी तो खालापूरला माझ्याकडे आला. चहा मी केला. तो समोर बसला आणि जुनेच सुरू झाले.

“अरे, अजून ते मनात धरून बसलास? गोळ्याच त्या. मला बघ, सत्तरीला आलो, तापाची गोळीसुद्धा कधी पोटात गेली नाही.”

“दादा, तो हात खाली घे.”

“कशाला?”

“घे तर खरा.”

“तुझा हट्ट काही जायचा नाही,” तो हसला. हात त्याने खाली घेतला नाही. बोलणे चालू होते तोवर त्याची दोन बोटे हनुवटीला टेकलेलीच होती. मग बशी दोन्ही हातांनी उचलावी म्हणून त्याने बोटे काढली, आणि जन्मात एकही गोळी न घेतलेल्या माझ्या भावाची मान सावकाश डावीकडे वळली.