अक्कांची पाच रकान्यांची वही

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत कुणीही पहिल्यांदा पाऊल ठेवलं की लताअक्का त्याला खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि मग विचारायच्या, "गाव कोणतं?" प्रिंटर दुरुस्त करायला आलेला माणूस असो, बाहेरून आलेले परीक्षक असोत, नाहीतर नुकताच प्रवेश घेतलेली मुलगी असो. खानदेशात हा प्रश्न सगळेच विचारतात. अक्का तो सॉफ्टवेअरलाही विचारायच्या.

धुळ्याच्या त्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली तांत्रिक सहायक म्हणून लागलो, तो अकरा महिन्यांच्या करारावर. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे, आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. पहिल्या दिवशी अक्कांनी गाव विचारलं, तेव्हा मी "धुळे" म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ऑफिसची भाषा सोडून त्या अहिराणीत आल्या.

"धुळं ते बठ्ठासनं शे रे भाऊ. तुनं कोनतं?"

धुळं तर सगळ्यांचंच, तुझं गाव कोणतं, असं त्या विचारत होत्या. मी पुन्हा धुळेच म्हणालो. बोरखेड्याचा आहे हे न सांगण्याची सवय मला हॉस्टेलमध्येच लागली होती. टेबलावरच्या वहीत अक्कांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

ती वही लांबट, कापडी पुठ्ठ्याची होती. पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने: नाव, कोठून आलं, कशासाठी, कोणी आणलं, कधी काढलं. प्रयोगशाळेतल्या मशीनवर जे जे बाहेरून यायचं, ते आधी त्या वहीत यायचं.

आमच्याकडची सगळी मशीन लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर चालत. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर एका भांडारातून येतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. मूळ भांडार लिनक्सबरोबरच मिळतं. त्यात हजारो गोष्टी एकमेकींशी जुळवून ठेवलेल्या असतात. पण हवी ती गोष्ट, हवी तितकी नवी, तिथे मिळेलच असं नाही. मग माणूस दुसरं भांडार जोडतो, तिसरं जोडतो. अक्का मूळच्या टायपिस्ट. कॉलेजात लिनक्स आलं तेव्हा कुणी शिकवायला नव्हतं, म्हणून स्वतःच शिकल्या आणि स्वतःचे शब्द घेऊन शिकल्या. मूळ भांडार म्हणजे माहेर. त्याची एक प्रत त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर उतरवून ठेवली होती, इंटरनेट गेलं तरी अडू नये म्हणून. त्या मशीनवर चिकटपट्टीने कागद लावला होता, 'माहेर'. बाकीची सगळी भांडारं पाहुणे. पाहुण्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं: "पाहुनाले ओटावर बसाडानं, चुलापाशी नही."

मला हे ऐकून हसू यायचं. पदवी माझ्याकडे होती ना.

करार संपायला दोन महिने उरले होते. प्राचार्यांनी सांगितलं होतं की डेटाबेसची प्रात्यक्षिक परीक्षा नीट पार पडली की पुढच्या नेमणुकीचं बघू. परीक्षा सोमवारी होती. गुरुवारी देवरे सर, म्हणजे तो विषय शिकवणारे प्राध्यापक, जाता जाता म्हणाले की डेटाबेसची नवी आवृत्ती मिळाली तर बरं होईल. अक्का नातवाच्या बारशासाठी जळगावला गेल्या होत्या. मला वाटलं, आपलं काम दाखवायची हीच वेळ.

शनिवारी सकाळी मी इंटरनेटवर एक लेख शोधला. त्यात दिलेलं भांडार जोडलं, त्याच्यावर भरवसा ठेवायला सांगणारी चावीही मशीनला दिली, आणि सगळं अद्ययावत करण्याची आज्ञा तीसच्या तीस मशीनना एकदम सोडली. एका मशीनवर आधी करून पाहावं, एवढंही सुचलं नाही. तासाभराने पाहतो तर मुलं ज्यात प्रोग्राम लिहायची तो एडिटर उघडेना. कुठे डेटाबेस सुरू होईना. लेख लिनक्सच्या आमच्याहून पुढच्या आवृत्तीसाठी होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

सोमवारी दोन तुकड्यांत साठ मुलं येणार होती. आणि माझी नोकरी गेली तर बोरखेड्यात आईला काय सांगायचं? तिने शाळेतल्या सगळ्यांना पेढे वाटले होते.

शेवटी अक्कांना फोन लावला. मागे बायकांच्या हसण्याचा आवाज होता. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बहुधा अंगणात आल्या, कारण आवाज मागे पडला. मग विचारलं, "कोपराम्हानं माहेर चालू शे ना?"

चालू होतं. त्याला मी हात लावला नव्हता.

"माहेरनं दार उघडं शे, मंग कसाले रडस, भटू?"

मी रडत नव्हतो, पण रडायचा बाकी होतो हे त्यांना जळगावात बसून कळलं.

त्यांनी फोनवरूनच मला एका मशीनसमोर बसवलं आणि एडिटरला गाव विचारायला लावलं. त्यासाठी एक आज्ञा आहे. ती दिली की अमुक गोष्ट कोणकोणत्या भांडारात आहे आणि प्रत्येकाला किती मान दिलाय, ते आकड्यांत दिसतं. एडिटर घरचाच होता, पण तो ज्यांच्या आधारावर चालतो ते भाग पाहुण्याकडून आलेले निघाले. माहेराला पाचशे, पाहुण्यालाही पाचशे. अक्का म्हणाल्या, दोघांचा मान सारखा ठेवला तर जो नवा कोट घालून आला त्याचंच चालणार, मशीनची काय चूक. मग त्यांच्या सांगण्यावरून मी पाहुण्याचं भांडार बंद केलं आणि माहेराचा मान हजाराच्या वर नेला. तो हजाराच्या वर गेला की मशीन नवी गोष्ट काढून जुनी परत घ्यायलाही तयार होतं. अद्ययावत करण्याची आज्ञा पुन्हा दिली. पडद्यावर लांबलचक यादी आली आणि शेवटी प्रश्न, इतक्या गोष्टी मागच्या आवृत्तीवर जातील, चालेल का?

माझं बोट अडलं. पलीकडून आवाज आला, "हो म्हन त्याले."

मशीन बंद होऊन सुरू झालं. एडिटर उघडला, डेटाबेस चालू झाला. अक्कांनी विचारलं, झालं का? मी हो म्हणालो. मग त्यांनी आणखी एक विचारलं, देवरे सरांना नवी आवृत्ती कशासाठी हवी होती? मी विचारलंच नव्हतं. सरांना फोन केला, तर ते सहज म्हणाले, "अहो, मला वाटलं जुनी तुमच्याकडे नसेल. असेल तर तीच ठेवा."

मी अक्कांना हे सांगितलं. त्या इतक्या हसल्या की आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. आत्या पाळण्यापाशी ताटकळली होती, नाव ठेवायचं राहिलं होतं. फोन ठेवण्याआधी त्यांनी सांगितलं, "बाकीना एक एक करी कर. आनी जे करं ते वहीम्हा लिखी टाक."

संध्याकाळी पाचच्या आत तीसही मशीन ठीक झाली. मी वही उघडली. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं, 'न विचारता'. 'कोणी आणलं' इथे पेन थोडा वेळ थांबलं. ही वही महिन्याच्या शेवटी प्राचार्यांच्या सहीला जायची. मग स्वतःचं नाव लिहिलं.

सोमवारची परीक्षा इतकी सुरळीत पार पडली की कुणाच्या लक्षातही राहिली नाही. महिनाअखेर प्राचार्यांनी मला बोलावलं. वही समोर होती, बोट त्या ओळीवर. हे तुम्हीच लिहिलंत का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी खाली सही केली आणि म्हणाले, या आता. बाहेर येऊन मी व्हरांड्यात नुसता उभा राहिलो. पुढच्या महिन्यात नेमणुकीचा कागद हातात पडला. त्या दिवशी मी अक्कांना न विचारताच सांगितलं, "अक्का, माझं गाव बोरखेडे."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "तुना अर्जवर लिखेल होतं."

पुढे चार वर्षं मी त्यांच्याजवळ शिकलो. गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे जळगावला राहायला गेल्या. निरोप समारंभात भाषण करा म्हटलं तर माझ्याकडे वही सरकवली आणि खाली बसल्या. त्या गेल्यावर मी ती वही सुरुवातीपासून चाळली. सॉफ्टवेअरच्या नावांमध्येच मी रुजू झालो त्या तारखेला एक ओळ होती. नाव: भटू. कोठून आलं: धुळे, आणि त्यापुढे कंसात 'खोटं'. नंतर वेगळ्या शाईने ते खोडून वर 'बोरखेडे' लिहिलेलं. कशासाठी: शिकायला. कोणी आणलं: स्वतः आला.

'कधी काढलं' हा रकाना कोरा होता.