शून्याच्या रकान्यात एक

शैलजाताई गोगट्यांची आणि माझी पहिली भेट बिबवेवाडीतल्या कारखान्यात झाली. त्या तिथे कार्मिक अधिकारी होत्या. मी भंडाऱ्याहून येऊन येरवड्याला मित्राच्या खोलीवर राहत होतो आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी बस चुकली. ताईंनी मान वर न करता सांगितलं, कारण सांगू नका, उद्या वेळेवर या. पुणं काय चीज आहे ते मला तिथेच कळलं.

कारखान्यात पुरुष किती, स्त्रिया किती, दिव्यांग किती, याचं पत्रक दर तिमाहीला सरकारकडे पाठवावं लागतं. ते भरायची सर्वमान्य रीत म्हणजे मागचं पत्रक काढायचं, तारीख बदलायची आणि आकडे तसेच ठेवायचे. ताईंना ही रीत कधीच मान्य नव्हती. हजेरीपट घेऊन त्या खात्याखात्यातून फिरत आणि समोर माणूस पाहिल्यावरच खूण करत. आम्ही कारकून मागून वैतागत चालायचो. मागचंच उतरवायचं तर कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे की, असं त्यांनी मला एकदा सुनावलंही होतं.

एका तिमाहीला ताई रजेवर होत्या, म्हणून पत्रक मी भरलं. अर्थात मागचं पाहून. दिव्यांगांच्या रकान्यात नेहमीचं शून्य.

ताई परत आल्या आणि पत्रक वाचता वाचता माझ्या उजव्या बाजूने त्यांनी काहीतरी विचारलं. मी खाली मान घालून लिहीतच राहिलो. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून डावीकडे आल्या आणि म्हणाल्या, "वानखडे, हे शून्य खरं आहे का?"

मला उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, डाव्याने निम्मं येतं. मुलाखतीत मी ते लपवलं होतं. असली माणसं आपल्याला परवडणार नाहीत, असं मालकांना बोलताना मी ऐकलं होतं, आणि गावाकडचं घर माझ्या पगारावर चालत होतं. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं.

"नाव सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा," ताई म्हणाल्या. "पण शून्यावर माझी सही होणार नाही."

दोन दिवसांनी मी शून्य खोडून एक लिहिला. प्रमाणपत्रासाठी सरकारी इस्पितळाच्या रांगेत ताई माझ्यासोबत सकाळपासून उभ्या होत्या. मालकांनी ताईंना बोलावून मला काढायला सांगितलं, तेव्हा मी डावा कान लावून दाराशीच होतो. ताई शांतपणे म्हणाल्या, "काढा. पुढच्या पत्रकात एक कमी होईल, आणि तो का कमी झाला हे कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन." मालकांनी पत्रक पुढे ओढलं आणि सही केली. पुढच्या तिमाहीला पॅकिंगमधल्या दोघीजणी त्याच रकान्यात आपली नावं घालायला आपणहून ताईंकडे आल्या.

आज ते पत्रक मी भरतो. संगणक मागचे आकडे आपसूक आणून ठेवतो. मी ते पुसतो आणि हजेरीपट घेऊन निघतो. नवी पोरं मागून वैतागतात, त्याला माझा इलाज नाही.

ताई, पंचाहत्तरी झाली, आता शंभरीही आपण ठणठणीत तब्येतीने गाठावी, एवढंच मागणं. आणि सत्काराच्या दिवशी माझ्या डाव्या बाजूला बसा. आपला एकही शब्द मला चुकवायचा नाही.