शेंगांची गणती

मोमिनाबादेच्या जनावरांच्या दवाखान्यात मी दाखल झालो तेव्हा मला मिसरूड फुटून दोन वर्षं झाली होती आणि शाळा सुटून आठ. चकलांब्याहून चार मुक्काम करत चालत आलो होतो. पुढं नोकरीनं मला त्याहून कितीतरी लांब नेलं. आज ज्या मुलखात हे लिहितोय तिथं बाजाराच्या दिवशीसुद्धा मराठी कानावर पडत नाही. पण इथवर आलो तो त्या दवाखान्यातल्या एका सकाळीमुळं, म्हणून ती सांगतो.

माझी शाळा आमच्या गावाशेजारच्या उमापूरची, तीही तुकड्यातुकड्यांनी. आमचं घर धनगराचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. तोवर बरोबरची पोरं पुढं निघून गेलेली असायची. दुसरीत तीनदा बसलो आणि मग बसायचंच सोडून दिलं. पुढं एका साली मेंढरांना देवीचा रोग आला. दीड महिन्यात कळप संपला. त्याच्या थोडं आधी चराईच्या वसुलीसाठी एक सरकारी माणूस येऊन बोट दाखवून दाखवून मेंढरं मोजून गेला होता. माझे वडील, आबा, भेटेल त्याला सांगायचे, "देवीनं न्हाई खाल्ली, त्या बोटानं खाल्ली." आमच्यात जितराब मोजत नाहीत. संध्याकाळी कोण आलं, कोण राहिलं, ते तोंडं बघून कळतं. आकडा तोंडातून काढायचा नाही.

कळप गेल्यावर मी सलोत्रीच्या हाताखाली काम शिकायला निघालो. सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. आमचे सलोत्रीसाहेब हैदराबादेकडचे, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांची मराठी निम्मी दखनीत बुडालेली. नियम असा होता, की पहिले तीन महिने पडेल ते काम करायचं आणि मग इम्तिहान, म्हणजे परीक्षा, द्यायचा. सरकारी कारभार उर्दूत, म्हणून उर्दू लिहिणं-वाचणं, शिवाय हिशेब आणि एक हातचं काम. यातलं एक जरी राहिलं तर गठुडं बांधायचं. पास झाल्याशिवाय औषधाच्या कपाटाला हात लावायला मिळत नसे.

आम्ही सहा जण होतो. त्यात नेकनूरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता, अंगानं दांडगा आणि जिभेनं त्याहून. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "आरं, बैलाला काय उर्दू वाचून दावायची हाय का?" सगळे हसले. साहेब मागंच उभे होते. आत जाऊन दोन बाटल्या घेऊन आले आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"एक पाजायची हाय, एक जखमेवर लावायची. वास घेऊन सांग."

त्यानं दोन्ही हुंगल्या. दोन्हींना एकच वास.

"आता बाटलीवरची चिठ्ठी वाच."

चिठ्ठी उर्दूत होती. त्यानं बाटली खाली ठेवली.

"तुमच्या आधी एक आदमी होता इथं. त्यानंबी वासावरच काम भागवलं. एका गरिबाचा बैल गेला, मियाँ."

त्यानंतर कुणी कुरकूर केली नाही. मला तर उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. साहेब दुपारी जेवून गोठ्याच्या सावलीत बसले की मला पाटी घेऊन बोलवायचे. हे त्यांचं काम नव्हतं. घरी परत जायला तोंड नाही, हे त्यांनी माझ्याकडं बघून ओळखलं असावं. मी कधी सांगितलं नव्हतं.

इम्तिहानाच्या दिवशी लेखनात सात चुका झाल्या. आठवी चूक झाली असती तर तिथंच आटोपलं असतं. हिशेब मात्र सगळे सुटले. मग एकेकाला हातचं काम वाटून दिलं. कुणाला बैलाच्या खुराला पट्टी बांधायची, कुणाला घोड्याला काढा पाजायचा. माझी पाळी आली तेव्हा फाटकाबाहेर मेंढरांचा कळप उभा होता. बरोबर एक म्हातारी धनगरीण, डोक्यावरून पदर, हातात काठी.

साहेब म्हणाले, "पोटात जंत हायेत. मोरचुदाचं पाणी पाजायचं. एका मेंढराला अर्धा पेला. आधी गणती कर, मग दवा बनव. जास्त बनवून फेकायची न्हाई, आणि कमी पडली म्हणून पाणी वाढवायचं न्हाई."

मी पुढं झालो आणि सवय नसतानाही बोट उचललं. म्हातारी कडाडली, "ए बाबा! बोट खाली कर. माझ्या लक्षिमीला मोजतूस कावून?"

बोट आपोआप खाली आलं. माझ्या डोळ्यांपुढं आमचा मेंढरांचा रिकामा वाडगा आला. मी नुसता उभा राहिलो. मागून नेकनूरकर म्हणाला, "मोज की बे. धनगराला मेंढरं मोजता येत न्हाईत व्हय?"

साहेबांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि माझ्याजवळ आले. मी खाली बघत त्यांना आबांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पण दवा अंदाजानं बनवता येत न्हाई. ते मी माफ करू शकत न्हाई. आकडा कसा आणायचा ते तू बघ."

मी म्हातारीपाशी जाऊन बसलो. "मावशे, मी बी धनगराचाच हाय. चकलांब्याचा. मेंढरं न्हाई मोजत. पर मापाचं औशिद केलं न्हाई तर शेवटच्या मेंढरांला पुरत न्हाई. मंग काय करू, तूच सांग."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पदराच्या ओट्यात हात घातला. कोकरांसाठी बाळगलेल्या बाभळीच्या वाळक्या शेंगा होत्या तिथं. "फाटकातून एक मेंढरू आत गेलं की एक शेंग टाकते. शेंगा मोज. शेंगांला काय व्हतंय!"

मेंढरं एकेक करून आत आली. म्हातारी फाटकाच्या खांबापाशी बसून शेंगा टाकत होती. मी मुद्दाम दुसरीकडं तोंड करून उभा होतो. सगळी आत गेल्यावर शेंगा मोजल्या. एक्केचाळीस. साहेबांना आकडा सांगितला, त्यांनी वहीत लिहिला. मी औषध कालवायला वळलो तर खांबापाशी एक कोकरू उभं होतं. त्याच्या तोंडातून अर्धी शेंग बाहेर आली होती.

आम्ही दोघंही धनगराची, आणि मेंढरांपुढं शेंगांचा ढीग घालून बसलो होतो!

मोजायच्या आधी किती गेल्या, कुणाला ठाऊक. नेकनूरकरानंही ते बघितलं होतं. तो माझ्या कानाशी लागला, "गप बस बे. लिवलंय त्येंनी. चार शेंगा गेल्या आसतील. शेवटच्यांला वाईच पाणी घाल, कोण बघतंय? पास झालास."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. मीही क्षणभर पेला हातात घेऊन तसाच राहिलो. गणतीत चुकलो म्हणून सांगायचं म्हणजे हातच्या कामात नापास, आणि मग चार मुक्कामांची वाट. पण शेवटची चार कोणती असतील, हे माझ्या मनातून जाईना. मागं राहतात ती लंगडी, गाभणी. मी पेला खाली ठेवला.

"साहेब, गणती चुकली. शेंगा खाल्ल्या."

"कुणी?"

"कोकरानं."

साहेबांनी कोकराकडं बघितलं, मग माझ्याकडं. वहीतल्या आकड्यावर रेघ ओढली. "फिरसे," एवढंच म्हणाले.

म्हातारी लई बडबडली. "माझा दीस बुडवला ह्या शिकल्याल्यांनी," म्हणत तिनं कळप पुन्हा बाहेर काढला. या खेपेला मी खडे वेचून तिच्या हातात दिले. ढिगात शेहेचाळीस खडे निघाले. तेवीस पेले औषध केलं, एकेकाचं तोंड धरून पाजलं, आणि शेवटच्या मेंढराला पाजल्यावर भांडं रिकामं झालं. साहेबांनी भांडं उलटं करून बघितलं आणि वहीत माझ्यापुढं 'पास' लिहिलं.

आनंद व्हायला हवा होता. पण पुढचे पंधरा दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेंगा म्हणा, खडे म्हणा, आकडा तर मी तोंडानं उच्चारला होता. वेळ मिळाला की मी तळ्यावर जाऊन त्या म्हातारीचा कळप पाण्याला आलाय का बघायचो. भेट पडली ती दुसऱ्या बाजाराला. लांबूनच मी तोंडं बघितली. औषध पाजताना बघितलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक मेंढी दिसेना.

"मावशे, ठिपक्याची कुठं हाय?"

"लांडग्यानं न्हेली," ती म्हणाली. माझा चेहरा उतरलेला बघून तिनं काठीनं मला हलकंच डिवचलं. "आसं काय करतूस? त्या मुडद्या लांडग्याला कुठं गणती येती!"

घर सोडल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो. तीही हसली. मग एक कोकरू बखोटीला धरून तिनं माझ्यापुढं ओढलं. त्याच्या डोळ्याला दोन दिवस पाणी येत होतं म्हणे. मी खाली बसलो आणि त्याची पापणी वर करून बघू लागलो.