नकाराचा धडा कोणाचा

मंगळवार, १२ ऑगस्ट. सकाळी जयनगरच्या पोर्तुगीज क्लासमधून नवऱ्याची पुस्तकं आणली. तो तिथे शिकवायचा. त्याला जाऊन महिना झाला.

वर्गात त्यानेच लिहिलेला नकाराचा धडा वाटत होते. पोर्तुगीजमध्ये एका वाक्यात दोन नकार चालतात, त्याचं उदाहरणही त्याचंच, मराठीत सांगायचं तर: 'सुधा कोणालाच घाबरत नाही.' सुधा म्हणजे मी. खाली नाव मात्र क्लासच्या मालकांचं. ते इथलेच जुने मराठी, बोलण्यात कन्नड मिसळणारे.

"हा धडा त्याचा आहे," मी त्यांना म्हटलं.

"सरी अक्का, बरोबर आहे तुमचं, पण गेलेल्या माणसाचं नाव बघून मुलांना कसंतरी होतं. स्वल्प समजून घ्या."

मी गप्प निघून आले, याचाही संताप येतोय. तुम्ही काय केलं असतं?

आत्ता ओट्यावर त्याची वही उघडून वर्गातल्या मुलांना पाठवायला त्या धड्याचे फोटो काढतेय, त्याच्या नावासकट.