जीभ काढ बघू बाहेर

मैत्रिणींनो, आज दुपारी मला बघायला परत तेच अणदूरचे पाहुणे आले. मागच्या वर्षी "पोरगी चांगलीय, पण जबडा पुढं हाय" म्हणून त्यांनीच नकार दिला होता.

मग मी सोलापूरला जबड्याचं ऑपरेशन करून घेतलं. जबडा सरळ झाला, पण भूल देताना घशात घातलेल्या नळीनं जिभेची नस दाबली गेली. डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित होतं. त्या क्वचितमध्ये मी. आता जीभ डावीकडं वळते, बोलणं जड येतं.

आईनं बजावलं होतं, "नुसतं हसायचं." पण मुलाच्या आत्यानं नाव विचारलं आणि मी सांगितलं.

आत्याबाई पुढं सरकल्या. "जीभ काढ बघू बाहेर."

बाजारात बैलाचे दात बघतात तसे सगळे वाकले. मी काढली.

"आधीच बरी होती की," म्हणत आत्याबाईंनी पोहे संपवले.

ते गेल्यावर आई माझ्यावरच ओरडली, "गप बसायला काय झालं होतं तुला?"

पोरगं तासभर एक शब्द बोललं न्हाय. त्याची जीभ जाग्यावर हाय का, हे कुणी बघितलं?