पत्रिकेतलं बी.ए.

परवा एक लग्नपत्रिका आली आणि तिच्या कोपऱ्याला लावलेल्या ओल्या हळदीकुंकवाच्या वासानं मी थेट दौंडच्या छापखान्यात जाऊन पोचले. तेव्हा मी भांडगावला अंगणवाडी सांभाळून, रविवारी दौंडला तासांना बसून नुकतीच बी.ए. झाले होते. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्या अभ्यासाबद्दल कधी अवाक्षरही काढलं नव्हतं; मी पिशवी घेऊन निघाले की ते गोठ्याकडं वळायचे. धाकट्या दिरांच्या लग्नाची पत्रिका छापायला मात्र ते मलाच घेऊन गेले. पत्रिकेत आपल्या नावापुढं ‘माजी सरपंच’ नसेल तर त्या लग्नाला न जाणारा हा माणूस. छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा दर्प भरला होता. मालकानं नमुना पुढं केला, तसं आबांनी माझ्या नावावर बोट ठेवलं, "हितं म्होरं बी.ए. घाला." मालक म्हणाला, "आबा, पान गच्च भरलंय. काहीतरी काढल्याबिगर बसायचं न्हाई." मी घाईनं म्हणाले, "राहू द्या की आबा." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोट सरकवत स्वतःच्या नावापाशी नेलं आणि म्हणाले, "मग ह्ये ‘माजी सरपंच’ काढा. त्ये समद्यांना ठावं हाय." पदवीचं सर्टिफिकेट पेटीत आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलीय ती पत्रिका.